सातव्या खांबाचा तडा

“अहो, तोंड जरा बाजूला घ्या ना. खांबाचा फोटो आहे, लग्नाचा नाही!”

फोटोवाल्या बाईंची आणि पुलांच्या इंजिनिअरची पहिली भेट ही अशी झाली, तीही योगायोगाने. त्या दिवशी यायचा होता दुसराच कोणी. तो तापाने आडवा झाला म्हणून याला पाठवलं. काम तसं सोपं — खडूने तड्याला खूण करायची, शेजारी मोजपट्टी धरायची आणि फोटोत फक्त हात येईल असं उभं राहायचं. पण हा पठ्ठ्या मान वाकवून थेट कॅमेऱ्यातच बघत होता.

“नुसता हात आला तर वाटेल, पुलालाच हात फुटलाय.”

तिला हसू आलं नाही. हसायलाही अंगात थोडा जीव लागतो.

सरकारी बांधकाम खात्यात फोटो काढता काढता तिची उमेदीची वर्षं सरत आली होती. पूल, धरणं, पाण्याच्या टाक्या आणि त्या सगळ्यांचे तडे. नोकरीला लागली तेव्हा वाटायचं, आपल्या फोटोंनी माणसं वाचतील. वाचतही असतील... पण न पडलेल्या पुलाची बातमी कोण देतो? खांदा दुखायचा, डोळे चुरचुरायचे. घरी आई म्हणायची, “सगळ्या जगाचे फोटो काढतेस, स्वतःचा चेहरा कधी आरशात बघितलास का?” आईशी भांडायचंही त्राण उरलं नव्हतं. शेवटी तिने रेकॉर्ड विभागात बदली मागितली. चार भिंती, एक पंखा, एक खुर्ची. बस्स, एवढंच हवं होतं.

अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला, आणि इकडे तापाने आडव्या झालेल्या माणसाच्या जागी इंजिनिअरच येत राहिला.

“त्यांना अजून बरं नाही वाटलं?” तिने एकदा विचारलं.

“ठणठणीत आहेत. मीच म्हटलं, पुलाखालची हवा मला मानवते.”

“पुलाखाली वटवाघळं आहेत.”

“तीही मानवतात.”

त्यावर मात्र ती हसली. परतीच्या वाटेवर जीपमध्ये तिचा डोळा लागायचा, आणि हा ड्रायव्हरला हळूच सांगायचा, “मामा, सावकाश.” एकदा ती जागीच होती. तिने ते ऐकलं, डोळे मिटूनच ठेवले, आणि उगाचच रडू येईलसं वाटलं. किती दिवसांत तिच्यासाठी कोणी काही सावकाश केलं नव्हतं!

आणि मग एका सकाळी मोठ्या साहेबांनी बोलावलं. “झाली तुमची बदली. हो की नाही ते संध्याकाळपर्यंत कळवा.”

मागितलेलं पदरात पडलं. पण रेकॉर्ड विभागात खांब नव्हते. म्हणजे तोही नव्हता.

“आणि हे काय?” साहेबांनी फोटो पुढे सरकवले. “सातवा खांब. यात तडा कुठाय?”

ती बघतच राहिली. खांब धूसर, पट्टी धूसर... आणि पट्टी धरणाऱ्याचा चेहरा मात्र पापण्यांच्या केसांसकट स्वच्छ. एक नाही, सगळेच्या सगळे फोटो तसे! इतक्या वर्षांत तिचा फोकस कधी चुकला नव्हता. तिचे कान तापले.

साहेबांनी चष्मा काढून पुसला, गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ. “परत काढून आणा. या वेळी खांबाचे.”

दुपारी दोघं सातव्या खांबापाशी उभी राहिली. वरून ट्रक गेला की सगळा पूल गुरगुरायचा.

“फोटो परत का आले?” त्याने विचारलं.

“उजेड कमी पडला.”

“भर दुपारी?”

“तुम्ही पट्टी धरा हो!”

या वेळी तिने खडूच्या खुणेवर नीट फोकस लावला, आणि थबकली. कॅमेरा खाली घेऊन जवळ गेली, नखाने खरवडलं. पांढरा पापुद्रा बोटावर आला.

“हा तडा नाही. चुन्याचा वाळलेला ओघळ आहे.”

त्याने मोजपट्टी खाली घेतली.

“तुम्हाला कळलं नाही?”

“कळलं होतं.”

“मग खूण का केलीत?”

“त्या दिवशी काम लवकर आटपलं. तुम्ही बॅग भरायला लागलात, आणि...” तो मोजपट्टीकडे बघत राहिला. “मला इतक्यात जायचं नव्हतं. अहवालात ओघळच लिहिणार आहे, काळजी नको. तुम्हाला मात्र उगाच राबवलं.”

तिला राग यायला हवा होता. थोडा आलाही, पण तोसुद्धा दमलेलाच निघाला. ती खांबाच्या पायथ्याशी दगडावर बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

“तुम्ही नसलेला तडा दाखवलात, आणि मी — मी तोही काढला नाही. सगळ्या फोटोंत तुम्हीच आहात. म्हणून परत आले.”

वरून ट्रक गेला. पूल पुन्हा गुरगुरला.

“माझी बदली झालीय,” ती म्हणाली. “हो म्हटलं तर उद्यापासून मी इथे नाही. नाही म्हटलं तर पुन्हा हेच... आणि मी दमलेय हो. खरंच दमलेय. तुम्ही थांब म्हणालात तर थांबेन बहुतेक. पण — म्हणू नका.”

तो शेजारी येऊन बसला. मोजपट्टी बाजूला ठेवली.

“नाही म्हणणार. हो कळवून टाक. दमलीयेस तू.”

त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ‘तू’ आलं होतं. तिला ते फार बरं वाटलं.

“आणि तू?”

“सुटलो की रेकॉर्डच्या दारात येईन. रोज. तू बोललंच पाहिजे असं नाही. नुसती शेजारून चाल.”

“चालायचाही कंटाळा आला तर?”

“तर बसू.”

तिने फोन काढून साहेबांना होकार कळवला. मग काहीही न विचारता डोकं त्याच्या खांद्यावर टेकवलं. तो जागचा हलला नाही.

“आता किती वेळ बसायचं?” तिने डोळे मिटूनच विचारलं.

“तुझा थकवा जाईपर्यंत.”

“मग इथेच संसार मांडावा लागेल.”

“मांडू,” तो म्हणाला.