सात म्हातारे मासे

बारा नंबरच्या खोलीत अजून पाण्याचा आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. सव्वीस वर्षं मी आणि सरांनी तिथे मासे तपासले. काचेच्या गोल भांड्यात मासे आणि भोवती काळ्या-पांढऱ्या रेघांचा ड्रम. ड्रम फिरला की ज्याला दिसतं तो मासा रेघांबरोबर फिरतो. आंधळा आपला जागीच. तरुण माशाच्या डोळ्याला इजा झाली तरी त्याची नजर परत येते. म्हाताऱ्यांची येते का, हा सरांचा ध्यास.

पुढे सरांचेच डोळे गेले. तरी भिंत चाचपत रोज यायचे आणि विचारायचे, "काय रे, आमच्या वयाची मंडळी काय म्हणतायत?" त्यांना जाऊन आठ महिने झाले. फार चांगले दिवस होते ते.

सात म्हातारे मासे उरले होते. आज त्यांना दिसलं नाही, तर संध्याकाळी ते मारून टाकायचे आणि खोली बंद करायची, असा वरून हुकूम आला होता. नव्या मॅडम, माझ्या मुलीच्या वयाच्या, पडद्याआड बसल्या. सरांनी कधीकाळी लिहून ठेवलेल्या यादीप्रमाणे त्या ड्रमचा दांडा डावी-उजवीकडे फिरवणार होत्या. मला यादी ठाऊक नसते आणि भांड्यावरच्या पुठ्ठ्याच्या भोकातून फक्त मासे दिसतात, ड्रम दिसत नाही. मासे वळतील तसं मी वहीत लिहायचं.

पहिल्याच वेळी सातही डावीकडे वळले. मग उजवीकडे. अशा वीस खेपा झाल्या. मला हसू आवरेना.

मॅडमनी यादी ताडून पाहिली. वीसच्या वीस जुळल्या.

मग त्या ड्रमपाशी वाकल्या आणि तशाच राहिल्या.

"काका, आतला रबरी पट्टा तुटलाय."

"आत्ता तुटला असेल."

"नाही हो, टोकांवर धूळ बसलीये. मी नुसताच दांडा फिरवत होते. ड्रम हललाच नाही."

नवा पट्टा शोधायला त्या गेल्या. मी पुठ्ठा आणि ड्रम बाजूला काढून माशांवर टॉर्च धरला. काही नाही. काचेसमोर बोट नाचवलं. काही नाही. चौदाच्या चौदा डोळे दुधासारखे पांढरे.

एकदम फार एकटं वाटलं.

"सर," मी म्हणालो, "काय लिहू?"

सातही मासे सावकाश वळले आणि काचेला तोंड लावून थांबले. माझ्याकडे नाही, माझ्या मागे, जरा वर बघत.

मी वळलो नाही. वहीत लिहिलं, 'दिसतं.'

तशी सातही तोंडं हळूहळू खाली आली, माझ्या खांद्यापाशी. कुणीतरी वही वाचायला वाकलं होतं.