पाण्याच्या वेशीवरची पाळी

सन दोन हजार तेवीस. सप्टेंबरची सत्तावीस तारीख, बुधवार. दिवसा घाम आणि रात्री अंगावर पांघरूण, असा शरदाच्या तोंडावरचा मोसम. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी होती.

ते फोन खाली ठेवा. दिवा असू दे. आता ऐका, आणि मधे बोलू नका. हे ज्याच्या बाबतीत घडलं तो अवधूत जिवंत आहे, धडधाकट आहे आणि खोटं बोलत नाही. म्हणजे आता बोलत नाही. तेव्हा बोलायचा.

अवधूत पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. बायको कस्तुरी. मुलगी नेत्रा, वय पाच. सहा वर्षं त्यांनी जपानात, फुनाबोरीला दोन खोल्यांत काढली आणि त्या उन्हाळ्यात इचिकावाला, नदीकाठच्या एका वसाहतीत राहायला गेले. चाळीस घरं, सगळी विटांची. पैसा उतू जात होता त्या काळात एका बिल्डरने बांधलेली. त्याला हॉलंडमधलं औडेवार्ड नावाचं तटबंदीचं गाव आवडलं होतं, म्हणून तसंच गाव त्याने इथे उभं केलं. उतरती छपरं, एक टोकदार बुरूज, पाण्याचा खंदक आणि खंदकावर वेस. बाकी सगळं नक्कल, पण वेस खरी. तिकडे रस्ता रुंद करताना ती पाडली, तेव्हा याने विटा जहाजात भरून आणल्या आणि इथे पुन्हा रचल्या.

घर प्रशस्त आणि भाडं कमी. अवधूतला तेव्हाच शंका यायला हवी होती. ती त्याला नंतर आली, आणि तीही भलत्याच माणसाची.

त्या बुधवारी संध्याकाळी सातला शेजारचे मोरिता-सान दारात आले. वय अठ्ठ्याहत्तर. जन्मभर नदीतला गाळ काढणाऱ्या बोटीवर मुकादम. त्यांच्या हातात वीतभर लाकडी फळी होती. ती दोन्ही हातांनी पुढे करून ते म्हणाले, "आज तुमची तोबान."

तोबान म्हणजे पाळी. अवधूतच्या एका कानात ऑफिसचा कॉल चालू होता. दुसऱ्या कानाने त्याने अर्धंमुर्धं ऐकलं. रात्री दहाला वेशीवर जायचं. खंदकाचं पाणी बघायचं. अर्धा तास उभं राहायचं. दुसऱ्या दिवशी फळी पुढच्या घरी द्यायची, माणसाच्या हातात. अवधूत "हाय, हाय", म्हणजे हो, हो, करत मान हलवत राहिला.

फुनाबोरीला अशीच फळी असायची, कचऱ्याच्या पाळीची. आली की कचऱ्यावरची जाळी धुवायची आणि फळी पुढच्या दाराला अडकवायची. तिथली आपली भारतीय मंडळी जाळी धूत नसत, नुसती फळी पुढे सरकवत. अवधूतने ही फळी त्यातलीच समजली. दहाला पुण्याचा रिलीज कॉल होता. त्याने पाच मिनिटं आधी जाऊन फळी पुढच्या दाराला अडकवली आणि परत आला.

त्या घरातली म्हातारी महिन्याभरापूर्वीच मुलीकडे ओसाकाला गेली होती. घर बंद होतं.

कस्तुरी सारण परतत होती. तिने विचारलं, "जाऊन आलास? काय असतं रे तिथे?"

"काही नाही. पाणी बघायचं म्हणे."

"मग बघितलंस?"

"बघितलं की."

सकाळी गेनकानात, म्हणजे दाराच्या आत बूट काढायची खोलगट जागा असते ना, तिथे भिंतीवर ओली रेघ होती. जमिनीपासून दोन बोटं. विसर्जनासाठी कस्तुरीने मोठी बादली तिथेच भरून ठेवली होती. ती गळली असेल, असं म्हणून दोघांनी पुसून टाकलं.

शुक्रवारी सकाळी रेघ चार बोटांवर होती. बादली तर केव्हाच रिकामी करून वर ठेवली होती.

शनिवारी सहा बोटं. लादी कोरडी, बूट ओले. गेनकानाची पायरी बारा बोटं उंच होती. पायरीच्या वर लगेच नेत्राची खोली, आणि ती जमिनीवरच गादी घालून झोपायची. हा हिशेब कस्तुरीने केला, अवधूतने नाही. अवधूत म्हणाला, "हे कुणीतरी मुद्दाम करतंय. परदेशी लोक नको झालेत यांना. तो म्हातारा रोज सकाळी आपल्या दाराकडे बघत असतो."

"मोरिता-सान? अरे, त्यांनी नेत्राला पर्सिमनची फळं आणून दिली परवा."

"तेच म्हणतोय. एवढं गोड कशाला वागायचं?"

त्या रात्री त्याने बुटांच्या कपाटावर कॅमेरा लावला आणि नेत्राला वरच्या मजल्यावर स्वतःजवळ झोपवलं. पहाटे जाग आली तेव्हा पोर जागेवर नव्हती. धावत खाली आला. नेत्रा पायरीवर बसली होती. पाय खाली सोडलेले. मोजे घोट्यापर्यंत ओले.

"नेत्रा! इथे काय करतेस?"

तिने दाराकडे बोट दाखवलं आणि जपानीत म्हणाली, "कोताई, मादा?"

म्हणजे, बदलीचा माणूस अजून आला नाही का?

"कोण विचारतंय असं?"

"ओजिसान." बाहेरचे काका.

दार आतून बंद होतं. भिंतीवर आठ बोटं.

दोघांनी कॅमेरा बघितला. दोन वाजून दहा मिनिटांपर्यंत काही नाही. मग अवधूतचे बूट हलले. जागचे उचलले गेले. संथ गोल फिरले. तरंगतात तसे. पाणी दिसत नव्हतं. नुसते बूट... आणि दोन्हींची टोकं दाराकडे वळून थांबली.

कस्तुरी नवऱ्याकडे वळली. मग म्हणाली, "त्या रात्री तू गेला होतास ना वेशीवर?"

"हो म्हटलं ना!"

"नेत्राच्या डोक्यावर हात ठेवून सांग."

अवधूत उठून आत गेला. त्याने रविवारचा अख्खा दिवस मोरितांच्या कुंपणाकडे बघण्यात घालवला. म्हाताऱ्याने पाण्याचा पाइप कुठून आत घेतला असेल, ते शोधत होता. कस्तुरीही काही कमी नव्हती. तिने त्याच्या फोनमधली बुधवारची कॉलची वेळ बघितली. दहा ते साडेअकरा.

सोमवारी, दोन ऑक्टोबरला, रेघ दहा बोटांवर आली. पायरीला दोन बोटं उरली होती. मग तिनेच अवधूतचा दंड धरला आणि त्याला शेजारच्या दारात नेऊन उभं केलं.

अवधूतने फोन पुढे करून म्हाताऱ्याला व्हिडिओ दाखवला. आवाज चढलेला. "मोरिता-सान, हे काय चाललंय, मला उत्तर हवं."

मोरितांनी शेवटपर्यंत बघितलं. फोन परत दिला. विचारलं, "फळी कुणाच्या हातात दिलीत?"

"दाराला अडकवली."

"हातात नाही?"

"...नाही."

"आणि पाणी बघितलंत?"

कस्तुरी म्हणाली, "नाही बघितलं. ते कॉलवर होते."

म्हाताऱ्याने दोघांना आत घेतलं, चहा ठेवला आणि सांगायला लागला. विटांबरोबर त्या गावचं एक जुनं पुस्तक आलं होतं. बिल्डरने त्यातलं हवं तेवढं जपानीत करून घेतलं होतं. औडेवार्ड दोन नद्यांच्या संगमावर. मातीचे तट, टोकदार बुरूज, भोवती खंदक. सोळाशे बहात्तर साली फ्रान्सचं सैन्य चालून आलं, तेव्हा गावकऱ्यांनी बांध फोडून स्वतःच्याच शेतांत पाणी सोडलं. चालत यायला खोल आणि होडी घालायला उथळ, एवढंच. शत्रू पलीकडे थांबला. पण पाणी कुणाचं नसतं. ते गावातही शिरायला बघत होतं. म्हणून दर रात्री एका घरचा एक माणूस पाण्याच्या वेशीवर उभा राहायचा, आणि पाणी चढलं की ते अडवायला फळ्या टाकायचा. नियम एकच. पुढच्या घरचा माणूस येऊन कंदील हातात घेईपर्यंत जागा सोडायची नाही.

"एका रात्री बदली आला नाही," मोरिता म्हणाले. "पुढचं घर एका व्यापाऱ्याचं. येतो म्हणाला आणि झोपून राहिला. पाणी चढलं. वेशीवरच्या माणसाचं घर खालच्या आळीत होतं. त्याची पोरं त्याला हाका मारत होती. तो हलला नाही. सकाळी वेशीत तो नव्हता, आणि आळीत कुणी नव्हतं. त्यानंतर त्या गावाने वेस पाडेपर्यंत ती एक रात्रही मोकळी सोडली नाही. आम्हीही नाही सोडली... बुधवारपर्यंत."

"म्हणजे बुधवारपासून कोण उभं आहे तिथे?" कस्तुरीने विचारलं.

मोरितांनी कप खाली ठेवला. खिडकीतून वेशीकडे बघितलं.

"मी काय करू?" अवधूत म्हणाला.

"दहाला जा. फळी घेऊन. उजाडेपर्यंत थांबा. त्याला सांगा, मी आलो."

"कुठल्या भाषेत?"

"त्याचं भाषेशी काय काम?"

"मराठीतच सांग," कस्तुरी म्हणाली. "जपानीत तू फार हाय हाय करतोस."

पुण्याला गांधी जयंतीची सुट्टी होती. कॉल नव्हता. अवधूतने बंद घराच्या दारावरची फळी काढली. चार दिवस पाऊस नव्हता, तरी ती चिंब ओली होती. निघताना आभाळ भरून आलं. दहाला पाच मिनिटं कमी असताना तो वेशीत पोचला तेव्हा पाऊस सुरू झाला होता. वेशीला छप्पर नव्हतं, नुसती कमान. खाली काळं पाणी.

अजूनही त्याला संशय होताच. टॉर्च घेऊन त्याने झुडपं बघितली, पुलाखाली बघितलं. म्हातारा कुठेतरी लपून हसत असेल. कुणी नव्हतं.

अकरा वाजले. बारा वाजले.

पाऊण वाजता त्याला वास आला. ओल्या लोकरीचा. जवळून.

मग श्वास. उजव्या बाजूला, हातभर अंतरावर. दमलेल्या माणसाचा.

टॉर्च तिकडे वळवायचा त्याला धीर झाला नाही.

"मी आलो," तो म्हणाला.

श्वास तसाच.

"तुम्ही जा आता. मी आहे."

...

खंदकात पाणी चढत होतं. काठाच्या दगडांना लागल्याचा आवाज येत होता. अवधूतने फळी छातीशी धरली.

"बुधवारची पाळी माझी होती," तो म्हणाला. "मी आलो नाही. आलो म्हणून खोटं सांगितलं. बायकोलासुद्धा."

श्वास थांबला. ऐकत असल्यासारखा.

आणि मागून, घरांच्या बाजूने हाक आली.

"बाबा! बाबा, पाणी आलं! बाबा, लवकर या!"

नेत्राचा आवाज. अवधूत वळला. एक पाऊल टाकलं... आणि थांबला. नेत्रा त्याला कधी "या" म्हणत नसे. एवढं सरळ मराठी ती सलग बोलतच नसे.

पण आवाज तिचाच होता.

"बाबा!"

त्याने फोन लावला. बोटं ओली, दोनदा चुकला. कस्तुरीने उचलला.

"नेत्रा कुठे आहे?"

"माझ्या मांडीवर. झोपली आहे."

"बाबा! बाबा!" मागून.

"कस्तुरी, पाणी?"

ती हळूच म्हणाली, "पायरीला लागलंय."

"मी येतो."

"नाही. तिथेच थांब, अवधूत. हलू नकोस. एक बोटभरसुद्धा हलू नकोस."

फोन बंद झाला.

तो पाण्याकडे तोंड करून उभा राहिला. मागे पोर हाका मारत होती. बाबा... बाबा... मग हाका दोन झाल्या. मग तीन. वेगवेगळ्या पोरांच्या. शब्द कळत नव्हते. पण बापाला मारलेली हाक होती. ती कळते.

उजवीकडे श्वास अडखळला. एक हुंदका. मोठ्या माणसाचा.

अवधूत हलला नाही.

पाणी बुटांवर आलं. मग घोट्यावर. बर्फासारखं.

मग त्याच्या उजव्या हातात काहीतरी आलं. कंदिलाला असते तशी लोखंडी कडी. गरम. वजनदार. दिसत नव्हती. त्याने मूठ आवळली.

हाका थांबल्या.

श्वास नव्हता. वास नव्हता. नुसता पाऊस.

उजाडलं पाच वाजून दहा मिनिटांनी. मूठ रिकामी होती आणि बोटं सरळ होत नव्हती. खंदक नेहमीच्या पातळीला होता. कस्तुरीचा निरोप पाऊण तासापूर्वीच आला होता. पाणी उतरलं. नेत्रा शांत झोपली आहे.

मोरिता छत्री घेऊन आले. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. अवधूतने फळी त्यांच्या हातात दिली. म्हाताऱ्याची नजर मात्र फळीवर नव्हती. अवधूतच्या उजवीकडे, जमिनीवर होती.

रात्रभर पाऊस पडला होता आणि अजूनही पडत होता. वेशीतली सगळी फरशी वाहत होती. त्यात दोन पावलं कोरडी होती. मोठी, अनवाणी. पाऊस त्यांच्यावर पडत होता आणि ती भिजत नव्हती. टाचा पाण्याकडे. बोटं गावाकडे.

मोरितांनी छत्री मिटली आणि त्या पावलांना वाकून नमस्कार केला. अवधूतनेही केला.

पाळी फिटली.