सुताराच्या घरचं आतलं दार

वीज गेली ती येईना. गच्चीवर चटया टाकून भाचा आणि त्याचे तीन मित्र पडले होते. मोबाइल मेल्यामुळे पोरं कितीतरी दिवसांनी एकमेकांची तोंडं बघत होती, तेवढ्यात मामा गुडघे धरत जिना चढून आले. मामा मीटर वाचण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले. वीज गेली की सगळी आळी त्यांनाच जाब विचारायची.

"मामा, भुताचं काहीतरी सांगा."

"भूतबीत मी मानत नाही," मामा म्हणाले. असं म्हणणारा माणूस हमखास सांगतोच. "पण एक गोष्ट माझ्या भिंतीला भिंत लावून घडली. मी जुन्या घरी राहायचो तेव्हा शेजारी एक सुतार होता. एकुलता एक पोरगा त्याचा, शहरात कॉलेजला ठेवलेला. तो तिथेच वारला. आणि त्याच्या खोलीतला जोडीदार त्याचं सामान पोचवायला घरी आला. त्याच पोराने परत जाताना मला हे सांगितलं, अगदी नजरेला नजर न देता."

कोणी हसलं नाही. मामांनी चटईवर बैठक मारली.

त्या जोडीदाराला वसतिगृहात लंब्या म्हणायचे. उंच होता, एवढंच कारण. परीक्षा संपल्या, खोल्या रिकाम्या व्हायला लागल्या, तेव्हा रेक्टरने त्याला बोलावून एक पत्र्याची ट्रंक पायाने पुढे सरकवली. "हे त्याच्या घरी पोचवून ये. आईबापाला बरं वाटेल." मग दार लोटून घेतलं आणि आवाज उतरवला. "आणि जेवढं ठरलंय तेवढंच बोलायचं."

ठरलं होतं ते असं. पोरगा झोपेत गेला, दम्याचा जुना त्रास होता, दार नुसतं लोटलेलं होतं. हे रेक्टरने ठरवलं, प्राचार्याने मान हलवली आणि लंब्याच्या सख्ख्या बापाने फोनवर सांगितलं, "झालं ते झालं. मोठ्यांचं ऐक, वर्ष सांभाळ." तीन मोठी माणसं, तिघांचेही केस पांढरे झालेले. एकालाही विचारावंसं वाटलं नाही, की बाबा, तुला झोप लागते का?

बसमध्ये ट्रंक गुडघ्यांत धरून लंब्या वर्ष आठवत बसला. कॉलेजचं पहिलं वर्ष सोन्याचं असतं म्हणतात. त्याचंही होतं, आणि खरं दुखणं तेच होतं. हसला होता तो त्या वर्षी, पोट दुखेपर्यंत. जोडीदार भला मिळाला होता. तोंडाला सारखा दम्याचा पंप लावायचा म्हणून सगळे त्याला पंप्या म्हणायचे. पंप्या डोक्याने जरा मंद, पण चिकाटीचा. अभ्यासाला बसला की मात्र कोणी बसू द्यायचं नाही. कोणाला साबण हवा, कोणाला पत्ते खेळायला चौथा हवा. वसतिगृहातली उघडी खोली म्हणजे धर्मशाळा.

तोड लंब्यानेच काढली. पंप्याने आत बसायचं, लंब्याने बाहेरून कुलूप लावायचं आणि जेवणाच्या वेळी येऊन उघडायचं. कुलूप दिसलं की माणूस परत फिरतो. पंप्या सहामाहीत चांगल्या मार्कांनी पास झाला आणि महिन्याभरात अर्ध्या वसतिगृहाच्या दारांना आत माणूस असताना बाहेर कुलपं लटकायला लागली. लंब्याच्या अकलेचं कोण कौतुक झालं.

सुताराचं घर म्हणजे पुढे कारखाना, मागे संसार. भुसा उंबरा ओलांडून स्वयंपाकघरापर्यंत आलेला. सुतार कमी बोलणारा. त्याने ट्रंक उचलून भिंतीशी ठेवली, उघडली नाही. त्याच्या बायकोने लंब्याला वाढलं आणि समोर बसली.

"त्याचं वर्ष सांग," ती म्हणाली. "तो फोनवर नुसतं बरंय, बरंय म्हणायचा. तू सगळं सांग."

"काय सांगू, काकू?"

"काहीही. काय खायचा, कुणाशी भांडायचा. हसायचा का?"

लंब्या सांगायला लागला. पंप्याने बादलीत कपडे भिजत घातले आणि आठवडाभर विसरला, ते. स्नेहसंमेलनात एकच वाक्य होतं आणि तेच दोनदा म्हणाला, ते. बोलण्याच्या भरात तोंडातून 'पंप्या' गेलं.

"पंप्या म्हणायचात त्याला?"

"लाडाने, काकू."

"मेल्यांनो," ती म्हणाली आणि हसली. किती दिवसांनी हसली असेल देव जाणे. "पुढे?"

ती प्रत्येक गोष्टीनंतर 'पुढे?' म्हणत होती, लहान मूल म्हणतं तसं. लंब्या सांगत होता, पण त्या वर्षातली प्रत्येक गोष्ट शेवटी त्या दाराशी येत होती, आणि दार आलं की तो वळसा घालत होता. आई हसली की जास्तच.

हात धुताना सुतार त्याच्या शेजारी उभा राहिला. हळूच म्हणाला, "एक विचारतो. झोपेत गेला ना तो?"

"हो, काका."

"मीच अंघोळ घातली त्याला. तळहात सुजले होते त्याचे. दोन्ही. कातडी गेली होती."

नळ चालू होता. लंब्याने तो बंद केला, मग उगाच पुन्हा सोडला.

"मला माहीत नाही, काका."

सुतार मान हलवून आत गेला.

परतीची बस सकाळी होती. लंब्याला पोराच्याच खोलीत झोपवलं. खाट, फळी, खिडकी, सगळं बापाच्या हातचं. दारही. एका फळीचं, जाड, रंग न दिलेलं. परीक्षांनंतरचा तो पहिला शनिवार. रात्री दीडचा सुमार. मामा भिंतीपलीकडे आपल्या घरी घोरत होते, हे त्यांनी स्वतः कबूल केलं.

लंब्या जागाच होता.

दाराच्या बाहेर आवाज झाला. खट्.

बारीक आवाज, पण त्याने तो वर्षभर स्वतःच्या हाताने काढला होता. कुलूप दाबून बसवल्याचा. तो उठला. दार ओढलं. हलेना. पाय रोवून ओढलं. हलेना.

"काका?"

काही नाही.

"काका... दार लागलंय बाहेरून."

काही नाही. मग पलीकडून, अगदी खालून, कोणी जमिनीवर बसून बोलावं तसं...

"पुढे?"

त्याला वाटलं, सुतारच. आवाज बसलेला होता, पण चोराच्या मनात चांदणं, त्याला दुसरं कोण वाटणार? बापाने ओळखलं. बाप दार लावून बसलाय, आता खरं निघाल्याशिवाय उघडणार नाही. आश्चर्य म्हणजे त्याला थोडं बरंही वाटलं. तो दाराशी खाली बसला.

"काका, तो झोपेत नाही गेला. मी त्याला कोंडला होता. म्हणजे... तो म्हणायचा म्हणून. अभ्यासासाठी. संध्याकाळी कुलूप लावलं आणि मी मॅच बघायला गेलो."

"पुढे?"

"मॅच जिंकलो. कोणीतरी म्हणालं, जेवायला लांब जाऊ. गेलो."

"पुढे?"

"विसरलो, काका."

पलीकडे कोणी हललंसुद्धा नाही.

"विसरलो नव्हतो," लंब्या म्हणाला. "किल्ली खिशात होती. बसलो की मांडीला टोचत होती. मी ती दुसऱ्या खिशात टाकली. म्हटलं, करतोय अभ्यास, करू दे. भूक लागेल तर लागू दे एक दिवस."

"पुढे?"

"त्याचा पंप संपला होता ते मला माहीत नव्हतं."

गप्प.

"माहीत होतं."

"पुढे?"

"दुपारी मला म्हणाला होता, येताना नवा आण. मी हो म्हटलं होतं."

"पुढे?"

"तो दार वाजवत होता. लोकांनी ऐकलं. येऊन बघितलं, बाहेर कुलूप. आत कोणी नसणार म्हणून गेले परत. मीच शिकवलं होतं ना सगळ्यांना, कुलूप दिसलं की... मी पहाटे आलो. उघडलं. दार आत ढकललं, तर जड लागलं. रेक्टर आला, कुलूप त्याने खिशात घातलं. म्हणाला, दार लोटलेलं होतं. मी म्हटलं, हो."

सांगून झालं. लंब्या रडत होता. आता पलीकडून शिवी येईल, लाथ येईल, काय यायचं ते येऊ दे, असं त्याला झालं होतं.

आला तो श्वास.

आत घेताना ओढलेला. सोडताना बारीक शिट्टी. पुन्हा ओढलेला. पुन्हा शिट्टी.

हा श्वास त्याने ओळखला. वर्षभर शेजारच्या खाटेवरून ऐकला होता.

तो मागे सरकला. भिंतीला लागला. श्वास चालूच. ओढत. शिट्टी. ओढत...

मग थांबला.

खट्.

दार आपोआप चार बोटं उघडलं. बाहेर अंधार. कोणी नाही.

सकाळी लंब्या कारखान्यात आला तेव्हा सुतार फळीला रंधा मारत होता. मान वर न करता म्हणाला, "झोप लागली ना?"

लंब्याला कळेना. "रात्री तुम्ही... दाराशी बसला होतात ना?"

"मी? मी गोळी घेऊन झोपतो आता. नाहीतर लागत नाही."

"बाहेरून कोणीतरी कुलूप लावलं होतं."

रंधा थांबला. "आतल्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी कोण बसवतं? मी तर नाही बसवली कधी. जा, बघून ये."

लंब्याने जाऊन बघितलं. कडी नव्हती. कोयंडा नव्हता. खिळ्याचं भोकसुद्धा नव्हतं.

म्हणजे बापाला अजून काहीच माहीत नव्हतं. सुटण्याची वाट आयतीच होती. बस अर्ध्या तासावर. रेक्टर, प्राचार्य, घरचा बाप, तिघं जणू कानात एकदम बोलत होते, पोरा, तोंडात मिठाची गुळणी धर. रात्री दाराला सांगणं सोपं होतं. हा माणूस समोर होता, भुवयांवर भुसा बसलेला.

लंब्याने पुन्हा सांगितलं. पहिल्यापासून. किल्ली दुसऱ्या खिशात टाकली तेसुद्धा. मध्ये कोणी 'पुढे' म्हटलं नाही.

त्याचं संपलं तेव्हा काकू चहाचा कप घेऊन दारात उभी होती. केव्हापासून, कोणालाच माहीत नव्हतं.

"हाका मारल्या असतील त्याने," ती म्हणाली.

"मारल्या."

"कोणाला?"

लंब्या खाली बघत होता. शेजारच्या खोलीतल्या पोरांनी त्याला ते सांगितलं होतं, आणि त्याने ते आजवर कोणाजवळ काढलं नव्हतं.

"मला."

तिने कप त्याच्या समोर ठेवला. "पी आणि जा," ती म्हणाली. "परत येऊ नकोस."

त्याने चहा प्यायला. न पिण्याची त्याची हिंमत झाली नाही.

मामा थांबले.

"मग कॉलेजवाल्यांचं काय झालं?" भाच्याने विचारलं.

"सुतार कॉलेजात जाऊन आला. त्याला पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं, आणि म्हणाले, त्या जोडीदार पोराच्या मनावर परिणाम झालाय, काहीही बोलतो. रेक्टर पुढे निवृत्त झाला. शाल, हार, भाषणं, सगळं यथासांग."

"आणि लंब्या?"

"त्याने कॉलेज सोडलं. पुढचं ठाऊक नाही."

"आणि तुम्ही पडून घोरत होतात," एक मित्र म्हणाला.

"घोरत होतो," मामा म्हणाले. त्यांना ते लागलं, पण गिळलं. "भुताचं म्हणाल, तर मी कशाची शपथ घेणार नाही. पोराचं मन खात होतं, त्याला ऐकू आलं असेल काहीही. पण त्या दुपारी सुताराने भिंतीवरून हाक मारली. म्हणाला, जरा येऊन बघ, मला एकट्याला दिसतंय का सांग."

मामा गेले होते. दाराच्या बाहेरच्या अंगाला, जमिनीपासून दोन हात उंचीपर्यंत, लाकडावर ओल होती. पसरलेली नाही, आकाराची. मधोमध पाठीचा कणा, दोन्हीकडे खांद्यांची हाडं, वर डोकं टेकतं तिथे गोल. दाराला पाठ लावून कोणीतरी रात्रभर घामेजून बसावं तशी.

काकूने फडक्याने पुसली. गेली नाही. सुताराने दार बिजागरीतून काढलं, आडवं घातलं आणि रंधा मारला. पांढरे पातळ ढलपे निघाले, अगदी कोरडे. खालच्या लाकडावर तीच पाठ. पुन्हा मारला. पुन्हा तीच. दार निम्म्या जाडीचं होत आलं, तेव्हा काकूने त्याचा हात धरला.

"मग?"

"मग काही नाही. त्याने ते दार होतं तसं परत बसवलं. मी मदतीला हात दिला. उचलताना माझा तळवा नेमका त्या ओलीवर पडला."

मामांनी तळवा उगाच गुडघ्यावर पुसला.

"थंडीचे दिवस नव्हते, पण ओलं लाकूड गारच लागणार की नाही? ... कोमट होतं रे."