सतरा नंबरची शिलाई

तपासनीस बाईंच्या नोकरीला बावीस वर्षं झाली होती. एवढ्या काळात त्यांनी पोलिसांच्या हजारो जाकिटांवर गोळ्या झाडून घेतल्या होत्या. काम सरळ होतं. चौकटीत मऊ, कोमट माती ठासायची, तिच्यावर चिलखती जाकीट बांधायचं, पाच मीटरवरून गोळी मारायची आणि मग जाकीट सोडून मातीतला खड्डा मोजायचा. खड्डा चव्वेचाळीस मिलिमीटरच्या आत असला, की आतला माणूस बरगडी मोडून का होईना, घरी जातो. गोळी अडली तरी तिचा मार कुठेतरी जातोच. या एका गोष्टीवर बाईंचा देवावर असावा तसा विश्वास होता.

त्या दिवशी एका ठाण्यातून मुदत संपलेली दोन जाकिटं आली. घामाने गळ्याशी पिवळी पडलेली, पट्टे विरलेले. फारशी आशा न ठेवता बाईंनी पहिलं चौकटीला बांधलं.

अकरा वाजता नेमबाजाने पिस्तुलाच्या चार गोळ्या झाडल्या. चारही कापडात चपट्या होऊन अडकल्या. बाईंनी जाकीट सोडलं आणि मोजपट्टी त्यांच्या हातातच राहिली. माती सपाट होती. ती थापताना उमटलेल्या बोटांच्या रेषासुद्धा जशाच्या तशा होत्या.

"माती कडक झाली असेल, मॅडम," नेमबाज म्हणाला.

बाईंनी चाचणीचा लोखंडी गोळा मातीवर सोडून पाहिला. तो जेवढा रुतायला हवा तेवढाच रुतला. माती पुन्हा सारखी करून त्यांनी रायफल मागवली. पिस्तुलाची गोळी नुसतं कापड अडवतं. रायफलीच्या गोळीला मात्र आत सिरॅमिकची जाड पाटी लागते, नाहीतर ती लोण्यातून सुरी जावी तशी आरपार जाते. पाटी न घालताच त्यांनी दोन गोळ्या झाडायला लावल्या. एक साधी, एक पोलादी गाभ्याची.

दोन्ही अडल्या. मातीवर चरासुद्धा नव्हता.

नेमबाजाने रायफल खाली ठेवली. "शिवणाऱ्याच्या हातांना सलाम करायला हवा," तो हळूच म्हणाला.

बाईंनी भिंगाखाली शिलाई पाहिली. बारीक, एकसारखी, कुठेही घाई नसलेली. आतल्या पट्टीवर कारागिराचा नंबर होता, सतरा. दुसऱ्या जाकिटावरही तोच. उभ्या नोकरीत पहिल्यांदाच त्यांना कुणाला तरी स्वतः भेटून शाबासकी द्यावीशी वाटली. "जेवून झालं की दुसऱ्यावर सगळ्या पोलादीच घे," असं नेमबाजाला सांगून बाई जाकिटं शिवणाऱ्या कारखान्यात गेल्या.

शिलाईच्या लांबलचक दालनात मुकादमाने खिडकीजवळची खुर्ची दाखवली. "या आमच्या मावशी. तीस वर्षं झाली, यांच्या जाकिटातला एकही माणूस दगावलेला नाही."

मावशी साठीच्या पुढच्या, काटकुळ्या होत्या. कड हाताने टाचत होत्या. बाईंनी कौतुक केलं, तशा त्या लाजल्या.

"बसा. आज मला उठवत नाही."

"बरं नाही का?"

"बरगड्या. जुनं दुखणं आहे." सुई चालूच होती. "मुलगा पोलिसात होता माझा. त्याच्या अंगावरचं जाकीट दुसऱ्या कुणी शिवलं होतं. तो गेला, आणि मी इथे लागले."

बाई शेजारच्या स्टुलावर बसल्या.

"कधीमधी छातीत ठोसा बसतो. कुठून ते विचारू नका, मलाही ठाऊक नाही. बसला की मी समजते, कुणीतरी आज घरी जाणार. डॉक्टरला हे सांगायचं कसं?" त्या हसल्या आणि लगेच थांबल्या, हसण्याने दुखलं असावं. "एरवी महिन्या-दोन महिन्यांतून एखादा. आज अकराच्या सुमाराला लागोपाठ सहा. शेवटचे दोन तर फार जोराचे. मोठी चकमक झाली असेल कुठेतरी."

बाईंनी मनात मोजलं. चार आणि दोन.

"सहाही जण वाचले असतील ना हो? तुम्ही त्या कामातल्या, तुम्हाला कळलं असेल."

बाईंच्या डोळ्यांसमोर ती सपाट माती आली.

"वाचले," त्या म्हणाल्या. "सगळे घरी गेले."

"मग झालं तर."

बाई उठल्या, बाहेरच्या व्हरांड्यात गेल्या आणि त्यांनी नेमबाजाला फोन लावला.

"थांब. एकही गोळी झाडू नकोस."

"आत्ताच एक झाडली, मॅडम." त्याच्या आवाजात कौतुक मावत नव्हतं. "विश्वास ठेवा, मातीवर काहीच नाही."

बाईंनी काचेच्या दारातून आत पाहिलं.

मावशी टेबलावर ओणव्या झाल्या होत्या. एक हात बरगडीवर दाबलेला. आजूबाजूची यंत्रं चालूच होती, कुणाचं लक्ष नव्हतं.

हळूहळू त्या सरळ झाल्या. दोऱ्याचं टोक ओठांनी ओलं करून त्यांनी पहिल्याच खेपेला सुईत ओवलं, आणि पुढचं जाकीट जवळ ओढलं.