दुमडलेली बाही

अँब्युलन्सवरचं काम मला ताईनं शिकवलं. ती माझी सख्खी थोरली बहीण, आणि नर्स म्हणूनही माझ्या आधीची. अपघाताच्या जागी पोचलं की ओरडणाऱ्यांकडे ती आधी जायची नाही. म्हणायची, "बारके, जो बोंबलतोय त्याचा श्वास चालू आहे. गप्प बसलेला शोध." मग त्या गप्प माणसाशेजारी उकिडवं बसायचं, छाती हलते का बघायचं, अंगठ्याचं नख दाबून सोडायचं. पांढरं पडलेलं नख लगेच गुलाबी झालं तर ठीक. रेंगाळलं, तर रक्त कुठेतरी आतल्या आत जातंय असं समजायचं.

ज्याला आधी न्यायचं त्याची उजवी बाही ती कोपरापर्यंत दुमडायची आणि कड आत खोचायची, म्हणजे सुटत नसे. जो गेला, त्याच्या तोंडावर रुमाल. ही तिची स्वतःची पद्धत. आमचे ड्रायव्हर, ज्यांना सगळे मामा म्हणत, बाही बघूनच स्ट्रेचर लावायचे.

त्या दिवशी ताईची सुट्टी होती. मावशीकडे निघाली होती, सकाळच्या बसनं. थंडी होती म्हणून माझा करडा स्वेटर घालून गेली. "ताणून आणू नकोस," मी म्हणाले. "नवा विणून देईन गं, किती जीव त्याच्यात," ती म्हणाली.

उन्हं वर आली तेव्हा फोन आला. मावशीच्या गावाकडे जाणारी बस वळणावरून खाली कलंडली होती.

मामांनी लगेच गाडी काढली. वाटेत एकदाच म्हणाले, "ताई आहे ती. मरणालाही रांगेत उभं करेल."

आमच्या आधी तिथे कोणीही पोचलं नव्हतं. उतारावर काचा होत्या, डिझेलचा वास होता, गवतात कुणाची तरी उघडी छत्री उलटी पडली होती. एक बाई मोडलेला हात धरून ओरडत होती. तिच्याजवळ एक थोराड गृहस्थ दगडाला टेकून शांत बसले होते. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. मी त्यांना ओलांडून पुढे गेले असते, पण त्यांच्या शर्टाची उजवी बाही दुमडलेली दिसली.

कड आत खोचलेली.

मी नख दाबलं. रंग परतेना. पोटाला हात लावला, ते फळीसारखं कडक.

"तुम्हाला कुणी तपासलं?"

"त्या बाईंनी. करड्या स्वेटरवाल्या. म्हणाल्या, आता बारकी येईल, तिला हात दाखवा."

मला बारकी म्हणणारं जगात एकच माणूस होतं. मला हसू फुटलं. मामाही हसले. "सुट्टीच्या दिवशीसुद्धा बयेला राहवत नाही बघ."

मग मी बाह्या बघत उतरत गेले. एका शाळकरी मुलीची दुमडलेली, एका म्हाताऱ्याची दुमडलेली. प्रत्येक ठिकाणी मी पुन्हा तपासलं, आणि प्रत्येक ठिकाणी ताईचं बरोबर होतं. मामा एकेकाला वर नेत होते. मी मध्येच हाक मारत होते, "ताई, मी आले गं."

"आत्ता इथेच होत्या," मुलगी म्हणाली. "खाली गेल्या. त्यांचे हात खूप गार होते."

खाली फक्त बस होती.

फुटलेल्या खिडकीतून मी आत शिरले. कंडक्टर पाय अडकून पडला होता. त्याच्या पलीकडे, वाकलेल्या बाकाखाली, माझा स्वेटर दिसला.

दोन्ही हात कोपरापर्यंत लोखंडाखाली चेपलेले.

तोंडावर रुमाल. कडा नीट सारख्या केलेला.

मी तो उचलला. ओठांपाशी माझं बोट धरलं. धरूनच ठेवलं.

"कलंडली तेव्हाच गेल्या त्या," कंडक्टर म्हणाला. "माझ्या डोळ्यांदेखत."

"रुमाल कुणी घातला?"

"मला कुठे हलता येतंय, सिस्टर?"

ज्यांच्या बाह्या दुमडलेल्या होत्या ती सगळी माणसं वाचली. स्वेटर मी धुतला, उसवला होता तिथे शिवला. तो ताणलेलाच राहिला. नवा विणून द्यायला कोण होतं? मामा गेले, माझी नोकरी संपली, सून आली, नातवंडं मोठी झाली, तरी थंडीत मी तोच घालते. आरशात बघताना कधी कधी ताईच उभी आहे असं वाटतं. आता तर मी तिच्याहून कितीतरी म्हातारी झाले.

आज जेवून खुर्चीत डोळा लागला होता. जाग आली तेव्हा घरात कोणी नव्हतं. सून बाजारात गेली होती, दाराला बाहेरून कुलूप होतं. माझ्या अंगठ्याचं नख पांढरं दिसत होतं. मी बघत राहिले. रंग परतला, पण रेंगाळत.

मग स्वेटरकडे लक्ष गेलं. उजवी बाही कोपरापर्यंत दुमडलेली होती.

मी ती सोडवायला गेले. कड आत खोचलेली होती.