लाल पट्टा बुडतोय!

"पळा, पळा! लाँच सुटली तर आज माकडांबरोबर मुक्काम!" कचरूमामा घारापुरीच्या धक्क्यावरून पुढे धावत ओरडले.

त्यांच्यामागे प्रज्ञा, तिचा धाकटा भाऊ भीमराज आणि मामांचा मुलगा प्रशांत धापा टाकत होते. दिवाळीच्या सुट्टीत मिरजगावहून आलेल्या भाचरांना एका दिवसात सगळी मुंबई दाखवायचा मामांनी चंग बांधला होता. सकाळी डबलडेकरच्या वरच्या मजल्यावरून फोर्टातल्या दगडी इमारती, मग म्युझियम, मग गेटवे आणि तिथून लाँचने घारापुरीची लेणी! कुठेही धड बूड टेकू दिलं नव्हतं. आता परत जाऊन मत्स्यालय गाठायचं होतं.

लाँच गच्च भरली होती. मामा आणि दोन्ही मुलं फळीवरून आत शिरली. प्रज्ञा मात्र धक्क्यावरच थबकली.

लाँचच्या अंगावर लाल पट्टा रंगवलेला होता. शेजारच्या रिकाम्या लाँचचा पट्टा पाण्याच्या चांगला हातभर वर होता. यांच्या लाँचचा मात्र पाण्याला टेकला होता! माणसं जास्त झाली असतील, असं तिने स्वतःला समजावलं. पण आता कुणीच चढत नव्हतं, तरी पट्टा खाली खाली सरकत होता. बघता बघता तो दिसेनासा झाला.

"मामा, उतरा! लाँच बुडतीय!"

"अगं वेडे, भरतीचं पाणी चढतंय!" मामा हसले.

"मग शेजारची का न्हाई बुडत?"

"तुझ्या विहिरीसारखा नसतो समुद्र! चढ लवकर!" असं म्हणून मामांनी खिडकीची जागा पकडली.

पण भीमराज एव्हाना इंजिनाशेजारी पालथा पडून एक सैल फळी उचकटत होता. "ताई! खाली पाणीच पाणी हाय! माझा हात कोपरापर्यंत भिजला!"

"पंप चालू केला की उपसतं ते! ऊठ तिथून!" खलाशी खेकसला आणि उडी मारून दोर सोडायला धक्क्यावर आला.

दोर एका बुटक्या लोखंडी खुंट्याला गुंडाळलेला होता. प्रज्ञा धावली आणि त्या खुंट्यावरच बसली! दोन्ही हातांनी तिने दोर घट्ट धरला.

"ए पोरी, ऊठ!"

"न्हाई उठणार!"

"प्रज्ञा! तमाशा करू नकोस!" मामा आतून गरजले.

गंमत बघायला पाच-सहा माणसं उठून कडेला आली, तशी लाँच करकरत एका अंगाला कलली. सगळे एकदम धावले तर? प्रशांतने ओरडायला तोंड उघडलेलं तिला दिसलं.

"प्रशांत, बुडतीय म्हणू नको! हळू उतरव सगळ्यांना!"

प्रशांत क्षणभर गोंधळला. मग त्याने छाती फुगवली. रोज बसने शाळेत जाणाऱ्या त्या पठ्ठ्याला कंडक्टरचा आवाज हुबेहूब जमायचा.

"लाँच बदली! गर्दी नको! आधी बायामाणसं! एकेकानं उतरून घ्या!"

लोक कुरकुरत उठले. "मेल्यांनो, आत्ता कुठं टेकले होते!" एक आजी फणकारल्या, पण उतरल्या. लाँच चालवणाऱ्या तांडेलाला वाटलं, खलाशाने सांगितलं. खलाशाला वाटलं, तांडेलाचा हुकूम! दोघं एकमेकांकडे बघत राहिले आणि तेवढ्यात बाकं रिकामी होत गेली.

पण भीमराज कुठाय?

"ताई, फळीत माझा पाय अडकला!"

उठावं तर खलाशी दोर सोडेल. न उठावं तर भीमराज! "मामा!" ती किंचाळली. "पायाशी बघा!"

मामांनी खाली बघितलं. फळ्यांच्या फटींतून वर आलेलं पाणी त्यांच्या बुटांत शिरत होतं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पण दुसऱ्याच क्षणी त्यांनी गुडघ्यावर बसून फळी हिसकली, भीमराजला खांद्यावर टाकलं आणि धक्क्यावर झेप घेतली. मागोमाग तांडेलानेही उडी मारली.

दोर ताडकन ताणला गेला. प्रज्ञा खुंट्यावरून बाजूला झाली. लाँच कण्हत कलली आणि मघाशी माणसांनी भरलेल्या बाकांवरून पाणी वाहू लागलं.

भर समुद्रात हे झालं असतं तर? फणकारलेल्या आजींनी पुढे येऊन प्रज्ञाच्या गालांवरून हात फिरवला आणि कडाकडा बोटं मोडली. बंदरावरच्या हवालदारांनी तांडेलाला बाजूला घेतलं. "जीव वाचवलेत पोरांनी!" ते मामांना म्हणाले. "कुठली ही?"

"मिरजगावची. माझी भाची," मामा पुटपुटले. मग प्रज्ञाकडे वळून म्हणाले, "चुकलं माझं, बाळा."

प्रज्ञाने आता कुठे खाली बसून भीमराजचा पाय चाचपून बघितला.

थोड्या वेळाने शेजारची लाँच पुढे आली, पण एकही माणूस चढेना. तिच्या म्हाताऱ्या तांडेलाने आपणहून तळाची फळी उचलली आणि प्रज्ञाला हाक मारली.

"या ताई, तुम्हीच बघा."

प्रज्ञाने वाकून बघितलं. मग बाहेर येऊन लाल पट्टा न्याहाळला. सगळा धक्का तिच्या तोंडाकडे बघत उभा होता.

"चला," ती म्हणाली. "बसा आता."

आणि सगळ्यांत आधी, मुकाट्याने, कचरूमामा चढले!