निळं गोदाम आणि पाण्याखालचं खडप

संघर्षनं हाणलेला चेंडू थेट गोदामाच्या भिंतीवर आपटला आणि निळ्या रंगाचा बशीएवढा पोपडा खाली पडला.

"झालं! आता बाबा सोलणार तुला," प्रीती म्हणाली.

"मला का? बॉल तू टाकलास की," संघर्ष म्हणाला. वय वर्षं दहा, पण चूक दुसऱ्याच्या पदरात घालण्यात हा गडी एक नंबर!

त्याची बहीण रूपाली दोन वर्षांनी मोठी, म्हणून निस्तरायचं काम कायम तिच्या गळ्यात. तिनं पोपडा उचलून जागेवर बसवून पाहिला, पण तो काही चिकटेना. आतला जुना चुना पांढराफेक होता. तिची बोटं भरली. ती तिनं फ्रॉकला पुसली आणि तिघांनी तिथून धूम ठोकली.

साल अठ्ठ्याण्णव, दिवाळीची सुट्टी. रूपाली आणि संघर्ष कुरुंदवाडहून निघून, कोल्हापुरात एसटी बदलून, घाटातली वळणं उतरून समुद्रकाठच्या खडपेवाडीत आले होते. नागसेनमामा इथल्या शाळेत मास्तर. प्रीती त्यांची मुलगी. मामांनी पत्रात लिहिलं होतं, 'या, खोल समुद्रात मासे धरायला नेतो.' ते पत्र संघर्षनं वर्गात इतक्यांदा वाचून दाखवलं की शेवटी बाईंनी ते काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच होडी निघाली. सुकाणूवर जिवा तांडेल. तांडेल म्हणजे होडीचा कारभारी; तो सांगेल तिकडं होडी वळणार. वय सत्तरीच्या पुढं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मशीनपाशी त्यांचा मुलगा बाबल, कपाळाला कायम आठ्या. निघण्याआधी बाबलनं मामांना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं होतं, आणि प्रीतीनं ते ऐकलं होतं. दुसऱ्याचं बोलणं ऐकू न येणं तिला जमतच नसे.

"गणेशचतुर्थीपासून एकपण मोठा मासा मिळाला नाही," ती रूपालीच्या कानात म्हणाली. "बाबलकाका म्हणतात, त्यांच्या आबांची नजर गेली, आठवणपण गेली. आज रिकाम्या हातानं परतलो तर त्यांना परत होडीवर घेणार नाहीत."

रूपालीनं सुकाणूवरच्या तांडेलांकडं पाहिलं. काल संध्याकाळी याच म्हाताऱ्यानं तिला गरी, म्हणजे मासे धरायचा गळ, दोरीला बांधायला शिकवलं होतं. तीनदा चुकली तरी एकदाही ओरडले नव्हते. असा माणूस घरी बसून काय करणार? पडवीतून दुसऱ्यांच्या होड्या बघत बसणार? तिला ते विचारानंच सहन होईना.

दीड तासानं किनारा बोटभर जाडीचा दिसायला लागला. तांडेलांनी मशीन मंद करायला सांगितलं. "आता हयच खडप आसा. पाण्याखालचो मोठो कातळ. मोठे मासे तेच्याच आसऱ्याक रवतत."

संघर्ष होडीच्या कडेवर ओणवा होता. सकाळपासून त्याचं पोट उलटत होतं, पण तोंड बंद नव्हतं. "पाण्यावर काय पाटी लावलीया व्हय? कसं कळतं?"

"पाटी किनाऱ्यार आसा," म्हातारा हसला. "दोन खुणा. बेटाचा टोक डोंगराच्या खाचीत येवक व्हया, ही एक. देवळाच्या कळसाखाली पांढरी भिंत येवक व्हयी, ही दुसरी. दोनय जुळल्यो काय खाली खडप." मग त्यांनी हाक मारली, "बाबल्या, भिंत इली काय?"

"इली," बाबल म्हणाला. धड मान वर करूनही बघितलं नाही.

बांगड्याचे तुकडे लावून सगळ्यांनी गऱ्या सोडल्या. अर्धा तास गेला, तास गेला. कुणाच्या दोरीला साधा हिसका नाही! आमिष होतं तसंच वर यायचं. तांडेलांनी आपली दोरी ओढली, टोकाला बांधलेलं शिशाचं वजन चाचपलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"रेती? हय रेती कशी?"

"आबा, पुरे झाला," बाबल म्हणाला. "आता तुमी घराक रवा. मास्तर, फिरूया मागे."

म्हातारा नुसता दोरी गुंडाळत बसला. रूपालीला रडूच आलं, आणि तेवढ्यात तिला आठवलं ते गावाकडचं बापूंचं, म्हणजे तिच्या वडिलांचं शेत.

उसाची सरी सरळ ओढायची तर बापू दोन खुणा धरायचे, बांधावरचा दगड आणि त्याच्या मागची लांबची बाभळ. गेल्या साली कुणीतरी तो दगड हलवून ठेवला. आख्खी सरी तिरकी गेली आणि बापू बैलांवर खेकसत राहिले. बैलांची त्यात काय चूक?

तिनं डोळे बारीक करून किनाऱ्याकडं पाहिलं. कळसाखाली पांढरी भिंत होती खरी. "मामा, ती तुमची शाळा न्हवं?"

"तीच. गणपतीच्या सुट्टीत चुन्याचा हात दिला. आधी नुसती काळवंडलेली होती."

"तांडेलआजोबा, तुमच्या खुणेची भिंत शाळेची हाय?"

"शाळा कालपरवाची गो चेडवा! माझी भिंत सोसायटीच्या गोदामाची. माझ्या बापाशीन दाखवलेली."

तिघं पोरं एकमेकांकडं बघतच राहिली. संघर्षनं जोरजोरात मान हलवली, सांगू नको म्हणून. पण रूपालीनं सांगून टाकलं.

"मामा, काल आमच्या चेंडूनं गोदामाचा रंग उडाला. वरनं निळा हाय, आत पांढरा चुना."

"काय?" मामा उडालेच. "आणि मला आत्ता सांगताय?"

"गोदामाक निळो रंग चतुर्थीच्या आधी दिल्यानी," बाबल सहज बोलून गेला. आणि मग आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच कळलं. त्यानं मान वर करून किनाऱ्याकडं पाहिलं.

"बाबल्या," म्हातारा सावकाश म्हणाला, "भिंत इली काय, असा मी इचारतंय आणि तू इली म्हणतस. खंयची भिंत, ता तू कधी इचारलंस?" थोडं थांबून ते पुढं म्हणाले, "आणि मी तरी खंय सांगलंय?"

"मग खूण आता निळ्या गोदामाची धरायची, पांढऱ्या शाळेची न्हवं! बाबलकाका, मशीन चालू करा की!" रूपाली म्हणाली. बाबलनं एकदा बापाकडं पाहिलं आणि मशीन चालू केलं.

सुकाणू तांडेलांच्या हातात आणि डोळे पोरांचे. बेटाची खूण प्रीतीनं धरली, निळं गोदाम रूपालीनं.

"डावीकडं चला... अजून... अजून जरा... बास, बास! बरोबर कळसाखाली आलं!"

तांडेलांनी शिसं सोडलं. खाली ते टणकन लागलेलं दोरीतून बोटांना कळलं. म्हाताऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "कातळ!"

रूपालीनं गरी सोडली मात्र, असा जोराचा हिसका बसला की ती गुडघ्यावर आली. दोरी सरसर पळायला लागली.

"हात कापतला, सोड! फडका घे!" तांडेल धावले. त्यांच्या हातांमागं बाबलचे हात, त्यामागं मामांचे. ओढायचं, सोडायचं, पुन्हा ओढायचं. पंधरा मिनिटं ही झटापट चालली. शेवटी पाणी फुटलं आणि एक धिप्पाड मासा धाडकन होडीत पडला. निळसर पाठ, रुपेरी पोट आणि डोळ्यापासून शेपटीपर्यंत पिवळा पट्टा. लांबीला जवळजवळ संघर्षएवढा!

"पुस्तकात याला अंबरजॅक म्हणतात," मामा धापा टाकत म्हणाले.

"नाव काय का असंना, रश्श्याला कसा हाय?" संघर्ष म्हणाला. सकाळपासून ओकणाऱ्या माणसाचा हा प्रश्न!

होडीतच स्टोव्ह पेटला. बाबलनं मासा साफ करून जाड तुकडे केले. कोकमं तांडेलांची आणि कांदा-लसूण चटणी रूपालीच्या आईनं डब्यातून दिलेली. प्रीती 'एक चमचा पुरे' म्हणेपर्यंत संघर्षनं तीन चमचे घातले. लालभडक रस्सा रटरटायला लागला आणि भातावर ओतताच सगळे त्यावर तुटून पडले. बाबलच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, तरी तो तिसऱ्यांदा वाढून घेत होता.

"भिंत फोडलीत ती तुम्हीच रंगवून द्यायची," मामा म्हणाले. "पण रूपाली, शिक्षा होणार हे माहीत असून तू खरं बोललीस. शाबास पोरी. आम्ही मोठी माणसं दोन महिने नुसती आबांना दोष देत बसलो."

पहिल्या मोठ्या माशाची तकली, म्हणजे डोकं, खूण धरणाऱ्याच्या ताटात जायची, अशी त्या होडीची रीत होती. आजवर ती तांडेलांशिवाय कुणाला मिळाली नव्हती. त्यांनी ती उचलली आणि रूपालीच्या ताटात ठेवली.

बाबलनं हात धुतले आणि बापाशेजारी येऊन बसला. "आबा," तो हळूच म्हणाला, "उद्या येताना माका सगळ्यो खुणा दाखवशात?"

म्हाताऱ्यानं रश्श्याचा भुरका मारला. "दाखवतलंय. पण आदी ह्या चेडवाक इचार, तुका शिकवूक येळ आसा काय तिका."

रूपालीचं तोंड भातानं भरलं होतं. तिनं नुसती मान हलवली, आणि बोटानं बाबलला किनाऱ्यावरचं निळं गोदाम दाखवलं.